तूच लिहून आण, मी सही करतो

दिवाळी सरते, शिवारात ऊसतोड सुरू होते आणि सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याकडून मला फोन यायला लागतात. फोन करणारी पोरं केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतात. अमेरिकेतल्या बहुतेक विभागांची पीएच.डी.च्या अर्जाची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, त्यामुळे सगळ्यांची धांदल उडालेली असते. या नोव्हेंबरात सागावच्या एका मुलीचा फोन आला. "ताई, तुमच्याकडं शिफारसपत्राचा एखादा जुना नमुना असला तर पाठवा की. नाव बदलून घेते. सर म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो."

एकवीस वर्षांची असताना मी हेच वाक्य ऐकलं होतं. त्यातला एक शब्दही बदललेला नाही. कॉलेज वेगळं, सर वेगळे, कागदाच्या जागी संगणकावरची लिंक आली. वाक्य तेच राहिलं.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगते. विद्यार्थ्याला स्वतःचं शिफारसपत्र स्वतः लिहायला लावणारा शिक्षक फसवणूक करतो. तो पलीकडच्या विद्यापीठाला फसवतो, सोबतच्या प्रामाणिक मुलांना फसवतो, आणि समोर उभ्या असलेल्या पोरीला पदवी हातात पडण्याआधी खोटं बोलायची सवय लावतो. याला आळस म्हणू नका, कामाचा ताण म्हणू नका. 'सगळीकडं असंच चालतं' हे तर मुळीच सांगू नका. मी तीन गावांची आणि दोन देशांची कॉलेजं पाहिली आहेत. सगळीकडं असं चालत नाही.

हे पत्र म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणी नीट सांगत नाही. परदेशात पीएच.डी.ला अर्ज केला की विभागातल्या प्राध्यापकांची एक समिती तो वाचते. तिच्यापुढं तुमचे गुण असतात, उद्दिष्टाचा निबंध असतो आणि तीन शिक्षकांची पत्रं असतात. सांगली जिल्ह्यातल्या कॉलेजचं नाव त्या समितीने ऐकलेलं नसतं. तिथल्या ८.९ गुणांचं वजन किती, हे तिला ठरवता येत नाही. २०२० नंतर बऱ्याच विभागांनी जीआरई परीक्षेची अट काढून टाकली, म्हणजे सगळ्यांना एका मापाने मोजणारा आकडाही गेला. उरलं ते पत्र. या मुलीला मी काम करताना पाहिलं आहे, तिने अमुक केलं, अमुक ठिकाणी ती अडली आणि अशी सुटली, असं एका माणसाने स्वतःच्या नावानिशी सांगायचं. आयआयटीतल्या मुलाला हे पत्र लिहिणारा प्राध्यापक समितीच्या ओळखीचा असतो. शिराळ्याच्या पोरीला तिचा सर हाच एक साक्षीदार. आणि साक्षीदार म्हणतो, जबानी तूच लिही.

माझे वडील साखर कारखान्यात पॅनमन होते. आण्णा सातवी शिकलेले. हंगामात रात्रपाळी करून सकाळी घरी आले की कपड्यांना मळीचा आंबूस गोड वास यायचा. पॅन म्हणजे साखरेचा दाणा जिथं बांधला जातो ते बंद भांडं. आतली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळे सिरप साठ-पासष्ट अंशांवरच उकळतं आणि साखर करपत नाही. आण्णा एक लांब दांडी भांड्यात सरकवून नमुना बाहेर काढायचे, काचेच्या तुकड्यावर पसरायचे आणि दिव्यासमोर धरून बघायचे. मी आठवीत असताना त्यांनी मला एकदा ती काच दाखवली. मोठ्या, चौकोनी, चकचकीत दाण्यांच्या मधे पिठासारखी बारीक धूळ दिसत होती. "हा खोटा दाणा," आण्णा म्हणाले. घाई करून रस गरजेपेक्षा जास्त घट्ट झाला की तो आपोआप जन्मतो. चाळणीतून निसटतो, जाळी चोंदवतो, चांगल्या मालाची वाट लावतो. मग भांड्याला पाणी पाजायचं, तो विरघळवायचा आणि वाफ नि वेळ दोन्ही पुन्हा खर्चून दाणा वाढवायचा.

केमिकल इंजिनिअरिंग ते हेच. स्फटिकीकरण, अतिसंपृक्तता, केंद्रकनिर्मिती हे शब्द मला कॉलेजात मिळाले. वस्तू मला आण्णांनी दाखवली होती.

कॉलेजात काय मिळालं तेही सांगते. प्रयोगशाळेत भरण घातलेल्या स्तंभातल्या दाबाचा एक प्रयोग होता. त्याच्या मॅनोमीटरमधलं पाणी आमच्या प्रवेशाच्या आधीच आटून गेलेलं, काचेच्या नळीवर नुसती पिवळी रेघ. तरीही आमच्या प्रत्येकाच्या जर्नलमध्ये त्याची दहा रीडिंग होती, आलेख होता, आणि आलेखातले बिंदू रेषेवर नेमके बसलेले होते. ती रीडिंग आधीच्या वर्षाच्या जर्नलमधून आलेली, त्यांची त्यांच्या आधीच्या. सर प्रत्येक पानावर सही करत होते. कोरडी नळी त्यांच्या टेबलापासून पाच पावलांवर होती.

शेवटच्या वर्षी चौघांचा एक प्रकल्प. मला खोट्या दाण्यावर काम करायचं होतं. आण्णांनी कारखान्याच्या केमिस्टांना विचारलं, परवानगी मिळाली, आणि दोन महिने दर शनिवारी मी पॅनजवळ बसून नमुने घेतले. किती ब्रिक्सला, म्हणजे रसाच्या किती घट्टपणाला, धूळ दिसायला लागते, पाणी किती मारलं की जाते, हे वहीत टिपलं. मार्गदर्शक सरांनी वही उघडूनही बघितली नाही. "हे कारखान्यातलं काम झालं, प्रकल्प नव्हे," म्हणाले. मग गटाने कॉलेजबाहेरच्या दुकानातून करंजाच्या तेलापासून बायोडिझेल करण्याचा तयार अहवाल विकत आणला. मुखपृष्ठावर चार नावं छापली. मी नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. आम्हाला पन्नासपैकी सत्तेचाळीस गुण मिळाले.

आणि मग पत्रं. तीन सर, तिघांचं उत्तर एकच. वसतिगृहात एका रात्रीत मी माझ्याविषयी तीन पत्रं लिहिली. तिन्हींची भाषा वेगळी वाटावी म्हणून एकात मला 'कष्टाळू' केलं, दुसऱ्यात 'जिज्ञासू', तिसऱ्यात 'वर्गातल्या पहिल्या पाच टक्क्यांतली'. तिन्हीत बायोडिझेलचं कौतुक. खोट्या दाण्याचा एक शब्द नव्हता, कारण सह्या करणाऱ्यांना तो माहीतच नव्हता. सकाळी तीन सह्या अर्ध्या तासात झाल्या. एका सरांनी तर पत्र वाचलंही नाही, सही कुठं एवढंच विचारलं.

पाच विद्यापीठांना अर्ज गेले. अर्जाच्या शुल्कासाठी आण्णांनी कामगारांच्या पतसंस्थेतून उचल घेतली होती. पाचही ठिकाणांहून नकार आला. तो पत्रांमुळेच आला असं मला सिद्ध करता येणार नाही. पण आज मी पुण्यात एका संशोधन संस्थेत काम करते, अर्ज चाळणाऱ्या समितीवर बसते, आणि अशी पत्रं रोज वाचते. तीन वेगवेगळ्या सह्या, तिन्ही पत्रांत एकाच शब्दाचं एकच चुकीचं स्पेलिंग. मुलीच्या पत्रात मधेच 'तो' आणि 'त्याचा', कारण नमुना कुठल्यातरी मुलाचा होता. नावापुरती बदललेली, बाकी अक्षरन्‌अक्षर सारखी पत्रं एकाच कॉलेजातून सलग दोन वर्षं आलेली मी पाहिली आहेत. लिंक आल्यापासून तर सरांच्या नावाचा ईमेल पत्ता विद्यार्थीच उघडतो आणि सरांच्या वतीने तोच पत्र चढवतो. अशा अर्जाचं काय होतं? तो बाजूला पडतो. पुढच्या वर्षी त्या कॉलेजातून आलेला खरा अर्जही जरा संशयाने वाचला जातो. सही करणाऱ्या सरांना हे कधी कळत नाही, कारण नकाराचं पत्र त्यांना येत नाही. ते पोरांना येतं.

मला वाचवलं गेटने, म्हणजे इथल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेने. या परीक्षेवर टीका करायला खूप जागा आहे, मीही केली आहे. पण तीन तासांत पासष्ट प्रश्न, शंभर गुण, चुकीच्या पर्यायाला गुणकपात, आणि तपासणारं यंत्र. तिथं कुठल्याही सरांच्या सहीची गरज नाही. आडगावच्या मुलांना ती जवळची वाटते ती म्हणूनच. बी.टेक.ला कुणी शिकवलं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

प्रवेशाच्या मुलाखतीला मात्र माणसं होती. प्रकल्प काय केला, त्यांनी विचारलं. मी बायोडिझेल सुरू केलं. तेलाच्या एका भागाला मेथॅनॉल किती घेतलं? सहास एक, मी म्हटलं, अहवालात तेच होतं. समीकरणाप्रमाणे तर तीनास एक पुरतं, मग दुप्पट का? मी गप्प. ती उलटसुलट होणारी अभिक्रिया आहे, मेथॅनॉल जादा ठेवलं की ती पुढं ढकलली जाते, हे दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होतं. पण मी प्रयोग केलाच नव्हता, तर प्रश्न पडणार कुठून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. समितीतल्या एका बाईंना माझी दया आली असावी. त्यांनी विचारलं, घरी कोण काय करतं. पॅनमन, मी म्हटलं. पॅनमन म्हणजे काय? आणि मग वीस मिनिटं मी खोट्या दाण्याविषयी बोलले. ब्रिक्सचे आकडे मला पाठ होते, कारण ते माझे होते. त्यांनी फळ्यावर आलेख काढायला लावला. माझे बिंदू रेषेवर बसत नव्हते. ते कसे विखुरले आहेत यावरच पुढची दहा मिनिटं गेली. मला प्रवेश मिळाला तो दुकानातल्या अहवालावर नाही आणि सह्यांवर तर नाहीच नाही. सरांनी न उघडलेल्या वहीवर मिळाला.

प्रवेशाने दारात उभं राहता येतं, आत चालायचं आपल्यालाच असतं. पहिल्या सत्रात बर्ड, स्ट्युअर्ट आणि लाइटफूट यांचं १९६० सालचं 'ट्रान्सपोर्ट फिनॉमिना' हे पुस्तक हातात आलं. पहिल्या चाचणीत मला पन्नासपैकी अकरा पडले. प्रश्नात आकडेच नव्हते. 'योग्य ती गृहीतकं धरा' एवढंच लिहिलेलं. आम्हाला चार वर्षांत कुणी काही गृहीत धरायला सांगितलंच नव्हतं. सूत्र द्यायचे, आकडे द्यायचे, आम्ही घालायचे. पण हा धक्का सहा महिन्यांत ओसरला. दुसरा खोल होता.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझं उपकरण उभं राहिलं. अभ्यासक्रमाचे पेपर झाले होते, सर्वंकष परीक्षा एकदा नापास होऊन दुसऱ्यांदा पास झाले होते. आता रीडिंग घ्यायची. सोमवारची रीडिंग मंगळवारी जुळेनात. मी घाबरले. जुळणारी तेवढी दाखवायची आणि बाकीची लपवायची, असं मी पाच महिने केलं. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप तसा वळत होता. आलेखातले बिंदू रेषेवर बसलेच पाहिजेत, हे मी कोरड्या मॅनोमीटरपासून शिकले होते. शेवटी माझ्या मार्गदर्शकांनी कच्ची वही मागितली. सगळी पानं उलटली. म्हणाले, "तू जे लपवलंस तोच तुझा प्रबंध आहे." तसंच झालं. न जुळणाऱ्या त्या रीडिंगमागे भांड्याच्या भिंतीवर धरणारा थर होता, आणि माझी पुढची तीन वर्षं त्या थरावर गेली. त्या पाच महिन्यांची भरपाई मात्र कुणी केली नाही. अधिछात्रवृत्तीची मुदत चालूच होती.

म्हणून मी शिफारसपत्राचा विषय इतका ताणते. ते पत्र सुटं नाही. नकललेली जर्नल, विकतचा प्रकल्प आणि स्वतः लिहिलेली शिफारस ही एकाच दोऱ्यात ओवलेली आहेत. ज्या सरांनी मुलीला खरं काम करताना पाहिलंच नाही, त्यांच्याकडं लिहायला काही नसतंच. मग ते म्हणतात, तूच लिहून आण.

याच महाराष्ट्रात दुसरंही घडलेलं आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला, तीच आजची माटुंग्याची आयसीटी. मनमोहन शर्मा तिथं शिकले, केंब्रिजला डँकवर्ट्‌स यांच्याकडं पीएच.डी. करून १९६४ साली सत्ताविसाव्या वर्षी तिथंच प्राध्यापक म्हणून परत आले. उपकरणं तुटपुंजी होती. वायू आणि द्रव एकमेकांत कसे मिसळतात यावर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथं बसून जगाने वाचावं असं काम केलं. रघुनाथ माशेलकरांनी त्यांच्याच हाताखाली १९६९ साली पीएच.डी. पूर्ण केली. गोव्यातल्या माशेल गावचा, वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलेला, आईच्या कष्टावर शिकलेला हा मुलगा. शाळेतल्या भावे सरांनी भिंगाने सूर्याचे किरण एकवटून कागद पेटवून दाखवला, ही आठवण माशेलकर आयुष्यभर सांगत आले आहेत. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ते सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन संस्थेने लढून. तेव्हा तिचे महासंचालक माशेलकर होते. सांगलीच्या हळद बाजारात उभं राहणाऱ्या प्रत्येकाने ही साखळी ध्यानात ठेवावी: एक शाळामास्तर, एक भिंग, एक प्राध्यापक जो विद्यार्थ्याच्या टेबलाशी उभा राहिला. यात पैसा कुठं फारसा नव्हता.

सर मंडळी माझ्यावर चिडतील, त्यांची बाजू मला ठाऊक आहे. निम्मे जण तासिका तत्त्वावर आहेत, पगार वेळेत होत नाही, मूल्यांकन समिती यायची म्हटली की महिनाभर फायली रंगवायच्या. हे सगळं खरं आहे. तासावर राबणाऱ्या पोरसवदा शिक्षकाला मी बोल लावणार नाही. पण ज्यांना सातवा वेतन आयोग लागू आहे, ज्यांच्या नावामागं डॉक्टर लागलं आहे, ज्यांच्या हाताखाली दर वर्षी साठातले आठ-दहाच विद्यार्थी पुढं शिकायचं म्हणतात, त्यांच्याकडं आठ पत्रांपुरता वेळ नाही? एका पत्राला दीड तास लागतो. मी लिहिते, म्हणून मोजून सांगते.

सरांनी सोडलेली जागा रिकामी राहत नाही. सांगली-कोल्हापूरच्या चौकाचौकांत परदेशी शिक्षणाचे फलक लागले आहेत. दुकानात गेलेल्या मुलाला तिथला माणूस एम.एस.ला पाठवतो, कारण एम.एस.ची फी विद्यार्थी भरतो आणि दुकानाला बहुतेकदा त्यावर दलाली सुटते. चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज, बापाची जमीन तारण. अमेरिकेत बी.टेक.नंतर थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो, एम.टेक. लागत नाही, हे तो सांगत नाही. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी सहसा माफ असते आणि वर महिन्याला जगण्यापुरतं मानधन मिळतं, हेही नाही. परिस्थिती नसेल तर अर्जाचं शुल्क माफ करायची विनंती करता येते, बऱ्याच ठिकाणी ती मान्य होते. केमिकलच्या बहुतेक विभागांत मार्गदर्शक तिथं पोचल्यावर, सगळ्या प्राध्यापकांचं काम ऐकून निवडायचा असतो, त्यामुळे आधी शंभर प्राध्यापकांना तोच ईमेल पाठवण्यात अर्थ नसतो. आर्थिक मदतीसह आलेल्या प्रवेशाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची बहुतेक ठिकाणी मुभा आहे, घाई करायची नाही. हे सगळं उघड आहे, फुकट आहे. आमच्या मुलांपर्यंत ते पोचत नाही, कारण ज्याने सांगायचं त्याला माहीत नाही आणि ज्याला माहीत आहे त्याचा धंदा न सांगण्यावर चालतो.

इथं राहून शिकणाऱ्यांचं तरी काय. एम.टेक.चं विद्यावेतन २०१४ साली ८,००० वरून १२,४०० केलं, आणि त्यानंतर दहा वर्षं तो आकडा जागचा हलला नाही. पीएच.डी.ची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून ३७,००० झाली, ठीक आहे, पण ती चार-चार महिने हातात पडत नाही. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची मुलं फेलोशिपसाठी रस्त्यावर बसली. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात हा विषय निघाला, तेव्हा पीएच.डी. करून ही पोरं काय दिवे लावणार, असा सवाल सरकारच्या बाजूने झाला. मी तो ऐकला तेव्हा माझ्यासमोर प्रयोगशाळेत रात्री साडेदहाला दोन मुली रीडिंग घेत होत्या. त्यातल्या एकीचं मानधन सप्टेंबरपासून आलेलं नव्हतं. मार्गदर्शकाची मनमानी हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इतकंच सांगते की माझ्या शेजारच्या प्रयोगशाळेतला एक मुलगा सात वर्षं सरांच्या घरची कामं करून पदवीशिवाय परत गेला. तो आता इस्लामपुरात मोबाइलचं दुकान चालवतो, आणि पदार्थांच्या पृष्ठभागावर त्याच्याइतकं कळणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

सागावच्या मुलीकडं परत येते. मी तिला नमुना पाठवला नाही. तू काय केलं आहेस ते सांग, म्हटलं. आधी तिने दुकानाने लिहून दिलेला निबंध वाचून दाखवला. लहानपणापासून तिला पेट्रोकेमिकल उद्योगाची ओढ होती, असं त्यात होतं. वारणेकाठच्या पोरीने पेट्रोकेमिकल बघितलं कुठं? ते खोड, म्हटलं. घरी काय आहे? "घरी काय, गुऱ्हाळ हाय," म्हणाली, जणू काही ते सांगण्यासारखं नाही.

मग हळूहळू निघालं. गेल्या हंगामात तिने वडिलांच्या गुऱ्हाळावर आठ काहिलींचा हिशेब ठेवला होता. शाळेची दोनशे पानी वही. तिने पानांचे फोटो पाठवले. डाव्या रकान्यात वेळ, मधे चुलवाणात टाकलेलं चिपाड किलोत, उजवीकडं रसाचं तापमान. भेंडीचं पाणी कधी टाकलं, मळी कधी काढली, सगळं नोंदलेलं. काही पानांवर गुळाचे चिकट डाग. गुळव्या थंड पाण्यात थेंब टाकून, बोटाने गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो, त्या क्षणाचं तापमान तिने आठही वेळा घेतलं होतं: ११७ ते ११९ च्या मधे. थर्मामीटर न वापरणाऱ्या माणसाचा अंदाज दोन अंशांत. आणि शेवटच्या पानावर एक प्रश्न, पेन्सिलीने: काहिलीची सगळी वाफ आभाळात जाते, ती परत वापरता येईल का?

हाच प्रश्न नॉर्बर्ट रिलियो नावाच्या माणसाला पडला होता. न्यू ऑर्लिन्सचा, १८०६ सालचा जन्म, वडील गोरे, आई कृष्णवर्णीय वंशाची, शिक्षण पॅरिसला. लुइझियानात उसाचा रस उघड्या कढयांतून गुलाम ओतत, भाजत, मरत. पहिल्या भांड्यातून निघालेल्या वाफेवर दुसरं भांडं कमी दाबाखाली उकळायचं, ही त्याची कल्पना. १८४३ साली त्याने पेटंट घेतलं. आज प्रत्येक साखर कारखान्यात चार-पाच भांड्यांची जी रांग असते ती त्याची आहे. एक किलो वाफेवर चार भांड्यांत मिळून साधारण चार किलो पाणी उडतं. चिखलीच्या साखर कारखान्यापासून काही मैलांवर बसून या मुलीने तोच प्रश्न गुऱ्हाळासाठी विचारला आहे, जिथं ती रांग परवडत नाही. जगातली कुठलीही समिती हे वाचून थांबेल. तिचा निबंध आता यावर आहे. तिने स्वतः लिहिला, चार वेळा खोडून.

तीनपैकी दोन पत्रं अजून बाकी आहेत. त्यातलं एक ज्यांनी लिहायचं, त्या सरांनी ही वही बघितलेली नाही. सर, मी तुम्हाला ओळखत नाही आणि तुमचं नाव मी तिला विचारलेलं नाही. ती उद्या वही घेऊन तुमच्या केबिनबाहेर उभी राहणार आहे. तिला आत बोलवा, बसवा, आठही काहिलींविषयी विचारा, आणि मग पत्र तुमच्या हाताने लिहा. मुदत १५ डिसेंबरला संपते.